अंतिम संकेत, रहस्यकथेतील
खून झालेल्या व्यक्तीने प्राण जाण्यापूर्वी उच्चारलेला शब्द, केलेली खूण किंवा हाती धरलेली वस्तू यांवरून गुन्ह्याचा उलगडा करण्याची गुप्तहेरकथेतील एक रचनायुक्ती. हा संकेत अपुरा वा दुर्बोध असतो व त्याचा अर्थ लावणे हेच कथेतील कोडे ठरते.

आर्थर कॉनन डॉइल (१८५९–१९३०) यांच्या शेरलॉक होम्सच्या कथांत या युक्तीची ठळक उदाहरणे आढळतात. ‘द बॉस्कम व्हॅली मिस्टरी’ (१८९१) या कथेत मरणासन्न पित्याच्या तोंडून मुलाला ‘अ रॅट’ म्हणजे ‘उंदीर’ एवढेच ऐकू येते. मुलाला ती वाताच्या भरातील बडबड वाटते आणि खुनाचा आळ त्याच्यावरच येतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीचा नकाशा पाहून होम्स मूळ शब्द ‘बॅलरॅट’ हे स्थलनाम असल्याचे दाखवितो. ‘द ॲडव्हेंचर ऑफ द स्पेकल्ड बँड’ (१८९२) या कथेतील ‘बँड’ या शब्दाचे पट्टा आणि टोळी असे दोन अर्थ होतात. त्यामुळे संशय जवळच तळ देऊन राहिलेल्या जिप्सींकडे वळतो. प्रत्यक्षात तो ठिपकेदार पट्टा म्हणजे विषारी साप असतो. दोन्ही कथांत मरणारी व्यक्ती सत्यच सांगते. चूक ऐकणाऱ्याची असते.

एलरी क्वीन या जोडनावाने लिहिणाऱ्या फ्रेडरिक डॅने व मॅनफ्रेड ली या अमेरिकन लेखकद्वयाने ही युक्ती पुढे विशेष वापरली. त्यांच्या द सायामीज ट्विन मिस्टरी (१९३३) या कादंबरीत मृताच्या हातातील फाटलेले पत्त्याचे पान हा संकेत ठरतो. मरणाऱ्याने खुन्याचे नाव सरळ का सांगू नये, हा या प्रकारावरील नेहमीचा आक्षेप होय. वाचा गेलेली असणे, अवधी नसणे किंवा उघड पुरावा खुनी नष्ट करील ही भीती, अशी कारणे लेखकास पटवून द्यावी लागतात.

न्यायालयांसमोरही असा प्रश्न आलेला आहे. भारतात मृत्युपूर्व जबानी १८७२ च्या पुरावा अधिनियमातील कलम ३२ (१) अन्वये ग्राह्य होती. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २६ मध्ये आहे. गळा कापल्यामुळे बोलू न शकणाऱ्या एका तरुणीने प्रश्नांना हाताच्या खुणांनी दिलेली उत्तरे अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्ण न्यायपीठाने १८८५ मध्ये ग्राह्य धरली. त्या खुणांना अर्थ आला तो आधी विचारलेल्या प्रश्नांमुळे. रहस्यकथेतील संकेतामागे बहुधा असा प्रश्न नसतो; तो गुप्तहेराला शोधावा लागतो.