दगडावरच्या घावांत भाषेचा माग

बडोदे संस्थानासाठी भूगर्भाची पाहणी करताना रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८९३ मध्ये साबरमतीकाठी सादोलिया आणि पेढामली इथे अश्मयुगीन हत्यारे सापडली. याच फूट यांनी १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार ओळखून भारताच्या प्रागितिहासाचे दार उघडले होते. त्यानंतर तीनच वर्षांनी पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने भाषेच्या उगमावरील निबंध स्वीकारायचेच नाहीत, असा नियम केला. बोललेला शब्द मातीत उरत नाही, मग नुसत्या तर्कांवर वाद तरी किती घालायचा? माझ्या मते मात्र दगडांत थोडा पुरावा उरला आहे.

हातकुऱ्हाड कशी घडते ते पाहा. गोट्याच्या कडेवर दुसऱ्या दगडाने घाव घालायचा. कडेचा कोन नव्वद अंशांहून कमी हवा, घाव कडेलगत बसायला हवा. तरच धारदार छिलका सुटतो, नाहीतर कड नुसती चुरते. एक छिलका निघाला की पुढच्या घावाची जागा ठरते. मग दगड उलटायचा आणि दुसऱ्या अंगाने फोडत जायचे. शेवटी हाती येणारा बदामी आकार त्या गोट्यात कुठेच दिसत नसतो. नवशिक्याच्या मनात तो कुणीतरी उतरवावा लागतो.

थॉमस मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १८४ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. साधे छिलके काढायला कुणी नुसते पाहून शिकले, कुणी खुणांनी, कुणी बोलण्यातून. बोलून शिकवलेले सरस ठरले. मात्र शेल्बी पट यांच्या २०१४ च्या प्रयोगात बोलून आणि न बोलता शिकलेल्यांच्या हातकुऱ्हाडींत फारसा फरक आढळला नव्हता. म्हणजे हातकुऱ्हाड दिसली की व्याकरण होतेच, असे म्हणता येत नाही. तरी बोलण्याची गरज शिकवण्यातून वाढली असावी, हे मला पटते.

हाडांचा आधार आपल्याकडे तोकडा आहे. इस्रायलच्या केबारा गुहेत सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथलचे कंठास्थी हे घशातले हाड मिळाले. नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये अरुण सोनाकिया यांना मिळाला तो कवटीचा भाग. त्यावरून घशाबद्दल काही कळत नाही. म्हणून छिलक्यांच्या खाचांवरून घावांचा क्रम लावणे मोलाचे. सराईत हाताच्या कुऱ्हाडींशेजारी नवशिक्याने बिघडवलेले दगड मिळाले, तर तिथे शिकणे-शिकवणे चालू होते असे म्हणायला जागा राहील.