सोनें शोधणाऱ्याची झोपडी

इ. स. १८९६ च्या ऑगस्ट महिन्यांत कॅनडाच्या वायव्य टोंकास, क्लोंडाइक नदीस मिळणाऱ्या एका ओढ्यांत सोनें सांपडलें. शोधणाऱ्यांत केश व त्याचा भाचा हे तेथील मूळचे रहिवासी होते. परंतु शोधाचा पहिला हक्क नोंदला गेला तो कारमॅक ह्या त्यांच्या गोऱ्या आप्ताच्या नांवें! वार्ता पसरतांच सुमारें एक लक्ष माणसें घरदार सोडून निघालीं. त्यांतील तीस-चाळीस हजारच डॉसन गांवीं पोंचलीं.

त्यांत जॅक लंडन नांवाचा २१ वर्षांचा अमेरिकन तरुण होता. १८९७ च्या जुलैंत तो आपल्या वृद्ध मेहुण्यासह निघाला. मेहुणा चिलकूट घाटाचा चढ पाहून माघारी फिरला. वर्षभराची शिधासामग्री जवळ असल्यावांचून पोलीस कोणास सरहद्दीपलीकडे जाऊं देत नसत. हा सुमारें एक टन बोजा पुष्कळांनीं खेपा घालून पाठीवर वाहिला. हा नियम कठोर खरा, पण दामाजीपंतांच्या गांवांतील वाचकांस त्याचें कारण सांगावयास नको.

तिकडे दगडी घर बांधण्यास ना वेळ, ना चुना. स्प्रूस वृक्षाचे सोट तोडावे, टोंकांस खांचा पाडून ते चौकोनांत एकावर एक बसवावे आणि फटींत शेवाळ ठासावें, अशी रीत होती. छपरावर वासे, त्यांवर शेवाळ व वर मातीचा थर. आपल्या माळवदाचीच ही बहीण. मात्र आपली माती ऊन अडविते, तिकडील थंडी अडवी. आंत एक लोखंडी शेगडी. बाहेर जमीन दगडासारखी गोठलेली. विस्तव पेटवून ती वितळवावी तेव्हां कोठें हातभर खणतां येई.

हेंडरसन ओढ्यावरील अशाच एका झोपडींत लंडननें सोटावर पेन्सिलीनें लिहिलें : 'जॅक लंडन, खाणकामगार, ग्रंथकार, २७ जानेवारी १८९८.' तोंवर त्याचें एकही पुस्तक छापलेलें नव्हतें! सोनें तर हातीं लागलेंच नाहीं. ताजी भाजी व फळें न मिळाल्यामुळें त्यास स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजल्या, दांत हालूं लागले. आपल्याकडील आवळा किंवा लिंबू तेथें सोन्याहून मोलाचें ठरलें असतें. जून १८९८ मध्यें तो होडींतून युकॉन नदीनें समुद्राकडे निघाला. पुढें १९०३ सालीं त्या प्रदेशावरील 'द कॉल ऑफ द वाइल्ड' ह्या कादंबरीनें त्याची कीर्ति झाली.

झोपडी मात्र अरण्यांत विस्मृत झाली. शिकाऱ्यांनीं ती अक्षरें पाहिलीं होतीं. त्या माहितीवरून १९६५ सालीं डिक नॉर्थ ह्या लेखकानें तिचा शोध लाविला. तज्ज्ञांनीं हस्ताक्षर लंडनचेंच ठरविलें. मग झोपडी उकलून तिचे सोट वांटण्यांत आले व त्यांत नवीन सोट घालून दोन झोपड्या उभारल्या : एक डॉसन येथें, दुसरी कॅलिफोर्नियांतील ओकलंड ह्या त्याच्या गांवीं. खरी कोणती, असें मुलें विचारतील. दोन्ही अर्ध्याच खऱ्या. माझ्या मतें ती मूळ ओढ्यावरच जतन करावयास हवी होती. पण तेथें ती पाहावयास कितीजण गेले असते, हाही प्रश्न आहेच.