सॉफ्टवेअरचे कोठार

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद कीड न लागता वर्षानुवर्षे टिकत असे. डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्स प्रणालींनाही असे कोठार असते. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. आपण भांडार म्हणू. शाळेच्या संगणकावर एखादे सॉफ्टवेअर हवे असेल तर ते कुठल्याही संकेतस्थळावरून न उतरवता भांडारातून मागवावे, अशी या प्रणालींची रीत आहे. ती का पाळायची?

भांडारात दोन गोष्टी असतात : सॉफ्टवेअरची पॅकेजेस आणि त्यांची यादी. डेबियनची सुरुवात १९९३ साली झाली. २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत जवळजवळ ७०,००० पॅकेजेस आहेत. यादीत प्रत्येकाचे नाव, आवृत्ती, आकार आणि त्याला आणखी कोणती पॅकेजेस लागतात हे लिहिलेले असते. उदाहरणार्थ, 'अ‍ॅस्पेल-एमआर' हा शुद्धलेखन तपासण्यासाठी केलेला मराठी शब्दसंग्रह. तो एकटा निरुपयोगी आहे. त्याला 'अ‍ॅस्पेल' हा तपासनीस लागतो आणि अ‍ॅस्पेललाही आणखी काही पॅकेजेस लागतात. आपण एकच नाव सांगायचे. 'अ‍ॅप्ट' हा प्रोग्राम यादी वाचून बाकीची आणतो.

म्हणूनच 'अपडेट' आणि 'अपग्रेड' या आज्ञा वेगळ्या आहेत. पहिलीने फक्त यादी ताजी होते, दुसरीने संगणकावरची पॅकेजेस नवी होतात.

पण वाटेत कोणी माल बदलला तर? यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसाही असतो. हा ठसा म्हणजे पॅकेजमधल्या सर्व मजकुरावरून गणिताने काढलेली एक मोठी संख्या. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. यादीवर भांडाराच्या चालकांची अंकीय सही असते आणि ती पडताळण्याची किल्ली आपल्या संगणकात आधीच असते. त्यामुळे भांडाराच्या प्रती निर्धास्तपणे जगभर ठेवता येतात. त्यांना मिरर म्हणतात. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले, तेव्हा साठवलेली हळद गेली ती गेलीच. येथे मात्र एक मिरर बंद पडला तर साताऱ्याची शाळा दुसऱ्यावरून तेच पॅकेज आणू शकते.

मात्र माल वाटेत बदललेला नाही, एवढेच सही सांगते. तो मुळात चांगला आहे का, हे ती सांगत नाही. फायलींचा आकार लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट ठेवल्याचे मार्च २०२४ मध्ये उघडकीस आले. दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास मिळवलेल्या एका सहभागी प्रोग्रामरच्या नावावर हे काम झाले होते. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकले आणि त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला. तोवर ते पॅकेज रीतसर सहीनिशी डेबियनच्या चाचणी भांडारात पोहोचले होते. स्थिर भांडारात ते गेले नव्हते, कारण तेथे जाण्याआधी पॅकेजला बराच काळ चाचणीत थांबावे लागते. शाळेसाठी नेहमी स्थिर आवृत्तीच निवडावी, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

वर्गात करून पाहण्याजोगा एक उपक्रम : 'अ‍ॅप्ट शो' या आज्ञेपुढे पॅकेजचे नाव लिहा. उत्तरातील 'डिपेंड्स' ही ओळ शोधा. त्या ओळीतल्या प्रत्येक नावासाठी तीच आज्ञा पुन्हा द्या आणि फळ्यावर त्यांचा वंशवृक्ष काढा. साध्या शब्दसंग्रहामागे किती जणांचे काम उभे आहे, ते विद्यार्थ्यांना स्वतःच मोजता येईल.