मोफत खेळातील न संपणारे दळण

ज्या घरात तरुण मुले आहेत, त्या घरात हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते : मुलगा दिवसभर मोबाइलला चिकटलेला असतो, कामाचे नाव काढले की अंगावर येतो, आळशी झाला आहे. या तक्रारीत खरी वेदना आहे; परंतु तिच्यातील निदान पुष्कळदा चुकते. विशिष्ट प्रकारच्या ऑनलाइन खेळांत गुंतलेला मुलगा आळशी नसतो. उलट तो राबत असतो. त्याची चिकाटी खरी असते, त्याचे जागरण खरे असते. फक्त त्या श्रमाचे पीठ त्याच्या घरी येत नाही. हे कसे घडते, ते समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

हे खेळ कोणते?

या खेळांत खेळाडू एक काल्पनिक पात्र धारण करतो. ते पात्र आरंभी दुबळे असते. झाडे तोडणे, मासे पकडणे, राक्षस मारणे अशी कामे पुन:पुन्हा केल्यावर त्याला गुण मिळतात आणि ते एकेक पायरी वर चढते. तेच ते काम शेकडो वेळा करण्याला खेळाडूंच्या भाषेत ‘ग्राइंडिंग’ म्हणतात, म्हणजे दळण. आपल्या भाषेतही ‘तेच दळण दळणे’ हा शब्दप्रयोग आहेच.

एकेकाळी अशा खेळांसाठी संगणक अथवा सायबर कॅफे लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि हे खेळ खेड्यापाड्यांतील मोबाइलवर पोहोचले. मल्लिनाथांच्या जैन मंदिरासाठी ओळखले जाणारे हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर असो की मुंबईतील एखादी वसाहत असो, मोफत खेळाचे दार आता सर्वत्र सारखेच उघडे आहे.

पायऱ्यांचे गणित

इंग्लंडमध्ये २००१ साली सुरू झालेला ‘रुनस्केप’ हा या प्रकारातील एक जुना खेळ. त्याची जुनी आवृत्ती आजही चालू आहे आणि २०१८ पासून ती मोबाइलवरही खेळता येते. तिच्यात प्रत्येक कौशल्याच्या ९९ पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाण्यास केवळ ८३ गुण लागतात. काही मिनिटांत यश हाती येते आणि मन सुखावते. परंतु ९८ वरून ९९ वर जाण्यास १२,२८,८२५ गुण लागतात. शिखर गाठण्यास एकूण १,३०,३४,४३१ गुण हवेत आणि ९२ व्या पायरीवर जमा झालेले असतात ६५,१७,२५३. म्हणजे ९२ व्या पायरीवर उभा असलेला खेळाडू ‘आता सातच उरल्या’ असे म्हणत असतो, तेव्हा प्रत्यक्षात त्याची निम्मी वाट शिल्लक असते.

ही रचना सहेतुक आहे. आरंभी बक्षिसे भराभर द्यायची, सवय जडली की अंतर वाढवीत न्यायचे. तोवर खेळाडूच्या मनात दुसरा हिशेब सुरू झालेला असतो : इतके महिने घातले, आता सोडले तर सारे वाया जाईल. बुडीत धंद्यात अधिक पैसे ओतणाऱ्या माणसाला जे वाटते, तेच त्यालाही वाटते.

अनिश्चित बक्षिसाची ओढ

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर व उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. दर ठरावीक वेळा कळ दाबल्यावर दाणा मिळाला, तर दाणा मिळताच प्राणी थोडा थांबतो. मात्र दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर तो जवळजवळ अखंड कळ दाबत राहतो. चार्ल्स फर्स्टर व स्किनर यांचा यावरील मोठा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. मारलेल्या शंभर राक्षसांपैकी कोणत्या एकाकडून दुर्मिळ तलवार मिळेल, हे खेळाडूला ठाऊक नसते. म्हणून ‘आणखी एकदाच’ हे शब्द कधी संपत नाहीत.

मोफत म्हणजे काय?

खेळ मोफत असेल तर कंपनीला पैसा मिळतो कोठून? बहुसंख्य खेळाडू काहीच देत नाहीत. थोडे खेळाडू पुष्कळ देतात. परंतु न देणाऱ्यांची गर्दी नसेल, तर देणाऱ्यालाही त्या जगात मिरवण्याचा आनंद मिळत नाही. शिवाय विकला जातो तो बहुधा कंटाळ्यावरचा उतारा. आधी खेळ कंटाळवाणा लांबवायचा आणि मग तो लांबण टाळण्याची सोय पैशांनी विकायची, असा हा व्यवहार आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा चिनी खेळ पाहू. त्यात महत्त्वाची बक्षिसे घेण्यासाठी एक प्रकारची शक्ती खर्चावी लागते. ती दर ८ मिनिटांनी एक एकक या गतीने आपोआप भरते आणि २०० वर थांबते. म्हणजे साधारण २७ तासांत भांडे भरते. त्यानंतर आला नाहीत, तर पुढची भर वाया. रोज हजेरी लावावीच लागावी, अशी ही मोजणी आहे. हवे ते पात्र मात्र सोडतीतून मिळते. सर्वोच्च दर्जाचे पात्र एका खेपेस निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के असते. ९० व्या खेपेपर्यंत ते नक्की निघते.

येथे आकडे निदान जाहीर तरी आहेत. दक्षिण कोरियातील ‘मेपलस्टोरी’ या खेळात सोडतीच्या शक्यता खेळाडूंना न कळवता बदलल्याबद्दल तेथील व्यापार आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉन कंपनीस सुमारे १,१६० कोटी वॉनचा दंड ठोठावला. आपल्या देशात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. परंतु मोफत खेळांत पणाला लागतो तो वेळ, आणि वेळेचे रक्षण कोणताही कायदा पूर्णपणे करू शकत नाही.

जाते आणि हळद

पुनरावृत्ती ही स्वत: वाईट नव्हे. आपल्या आजी-पणजींनी पहाटे उठून जाते ओढले. त्या कंटाळवाण्या कामात त्यांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. शिरड शहापूरच्या परिसरात हळदीचे पीकही असेच धीर मागते. सुमारे नऊ महिने जमिनीत, मग काढणी, शिजवणे, वाळवणे, घोळून चकाकी आणणे. तेही तेच ते काम आहे.

भेद एवढाच की सुपातले धान्य संपले की जाते थांबे आणि घरात पीठ असे. हळद विकली की वर्षाचा हिशेब लागे. खेळातील सूप मात्र कधी रिकामे होत नाही. तळाशी येताच कंपनी त्यात नवे दाणे ओतते.

आजार केव्हा समजावा?

खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो, हे आम्ही आवर्जून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराची तीन लक्षणे दिली आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. ही अवस्था साधारणत: १२ महिने टिकली व शिक्षण, नोकरी वा नातेसंबंध यांची गंभीर हानी झाली, तरच हे निदान केले जाते.

पालकांनी काय करावे?

प्रथम मुलाजवळ बसून खेळ समजून घ्यावा. वर दिलेले गणित त्यालाच मांडायला सांगावे. स्वत: केलेला हिशेब उपदेशापेक्षा खोल जातो. मोबाइल हिसकावणे किंवा फोडणे टाळावे, कारण त्याने संवाद तुटतो. खेळाच्या सूचना बंद कराव्यात, बँकेचे खाते वा कार्ड फोनला जोडलेले ठेवू नये आणि रात्री सर्वांचेच, आई-वडिलांचेसुद्धा, फोन एका ठिकाणी ठेवावेत.

मुलगा कशापासून पळत आहे, हेही पाहावे. परीक्षेतील अपयश, एकटेपणा, कामधंदा नसणे यांत बुडालेल्या मुलाला खेळ दर तासाला सांगतो, ‘तू पुढे गेलास.’ घरात त्याला हे वाक्य शेवटचे कधी ऐकू आले होते? ज्याची प्रगती डोळ्यांना दिसते असे काम त्याच्या हाती द्यावे : वाद्य, मैदानी खेळ, एखादे यंत्र दुरुस्त करणे. आपली युवक मंडळे येथे बरेच काही करू शकतील.

गरज भासल्यास मदत मागण्यात कमीपणा मानू नये. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र उपचार केंद्र चालते.

चिकाटी हे आमच्या मुलांजवळचे मोठे धन आहे. ते त्यांच्यापाशी नाही म्हणून आपण रागावतो. ते कोठे खर्च होत आहे, हे पाहिले तर राग ओसरेल आणि बोलणे सुरू होईल.