रिकाम्या गाळ्यांचं खापर कुणावर?

पुलगाव, आर्वीच्या बाजारात बंद शटर दिसलं की कुणीतरी म्हणतंच, "ऑनलाइननं धंदा बसवला." पण ॲमेझॉन भारतात आलं २०१३ साली. त्याआधीच पुलगावची कापडगिरणी बंद पडली होती आणि पुलगाव-आर्वी नॅरोगेज गाडीही थांबली होती. गिरणीत पगार झाला की कामगार आधी किराण्याची उधारी चुकती करायचा, मग कापडाच्या दुकानाची पायरी चढायचा. ती पावलंच थांबली. उरलेलं गिऱ्हाईक मोबाइलनं पळवलं हे खरं, पण बाजाराला पहिला घाव रोजगार गेल्याचा.

समृद्धी महामार्गानं भरभराट येईल, हीसुद्धा भाबडी आशा. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, तो या गावांच्या जिल्ह्यातूनच जातो. मात्र ठरावीक ठिकाणीच त्यावरून उतरता येतं. गावच्या चौकात चहाला कुणी थांबत नाही.

"गाळा दिला की गेला" या धास्तीनं कित्येक मालक कुलूपच लावून ठेवतात. जे देतात, ते ११ महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर करतात, कारण तो नोंदवावा लागत नाही असा पक्का समज आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ही जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोंदणीचा खर्च वाचवणारा मालकच अडकतो. अर्थात त्याची भीती अगदीच पोकळ नाही: मुदत संपल्यावर झटपट ताबा देणारं कलम २४ फक्त राहत्या जागेसाठी आहे, दुकानासाठी नाही. इथं कायदा बदलायलाच हवा. इंग्लंडमध्ये दोन वर्षांत ३६५ दिवसांहून जास्त रिकाम्या राहिलेल्या दुकानाचा भाडेपट्टा २०२४ च्या डिसेंबरपासून स्थानिक संस्था लिलावात काढू शकते. आपल्या नगरपरिषदांनी निदान स्वतःच्या गाळ्यांची अनामत हप्त्यानं घ्यावी. नव्या माणसाचं भांडवल अनामतीतच संपलं तर तो माल कशानं भरणार?

राहिल्या हातगाड्या. त्या हटवल्या की दुकानं चालतील, असं व्यापारी मनापासून मानतात. पण पोत्यावर आर्वी-कारंज्याची संत्री मांडून बसलेल्या बाईकडे आलेलं गिऱ्हाईकच पुढं चप्पल, बांगड्या घेतं. शिवाय २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार कुणालाही हटवण्याआधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हावं लागतं, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असतात. व्यापारी संघटनेनं त्यांच्याशी भांडण्याऐवजी या समितीत त्यांच्या शेजारी बसून जागा आखून घ्याव्यात.