मणक्यांमधील हरवलेली उंची

चेन्नईहून महाबलिपुरमकडे जाणारा जुना हमरस्ता, ज्याला सरकारी दप्तरात आता राजीव गांधी सालै म्हणतात, शोळिंगनल्लूर आणि नावलूर ही गावे मागे टाकून पुढे गेला की सिरुसेरीची हद्द लागते; आणि तामिळनाडूच्या औद्योगिक महामंडळाने, म्हणजे सिपकॉटने, येथील जमीन संगणक-उद्योगासाठी राखून दिल्यापासून दिवसाचे आठ-दहा तास पडद्यासमोर बसून काम करणाऱ्या माणसांची एक वसाहतच येथे उभी राहिली आहे. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा विस्तीर्ण परिसर येथेच असल्यामुळे महाराष्ट्रातून आलेल्या तरुण अभियंत्यांनाही हे गाव अपरिचित नाही, आणि घरी आईशी होणाऱ्या फोनवरील संभाषणात जेवणाखाण्याच्या चौकशीनंतर कंबरदुखीचा विषय निघावा, यातही आता नवल उरलेले नाही. त्या दुखण्याचा शेवटचा इलाज म्हणून ज्या शस्त्रक्रियेचे नाव भीतीने आणि आशेने घेतले जाते, ती म्हणजे दोन मणक्यांमधील झिजलेली गादी काढून तिच्या जागी, आत गेल्यावर उंची वाढवता येणारा धातूचा पिंजरा, डॉक्टरांच्या बोलीत ‘एक्सपांडेबल केज’, बसवणे होय. या पिंजऱ्याची कल्पकता निर्विवाद आहे; परंतु तो हाड जोडत नाही, हाड जुळून येईपर्यंत जागा राखून ठेवतो, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर या शस्त्रक्रियेविषयीचे निम्मे गैरसमज दूर होतील, असे मला वाटते.

मानेपासून कमरेपर्यंतच्या चोवीस सुट्या मणक्यांना आणि त्यांखालच्या त्रिकास्थीला जोडणाऱ्या तेवीस गाद्यांपैकी प्रत्येकीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो आणि त्याभोवती तंतूंची एकावर एक कडी असतात. प्रौढ वयात या गाद्यांच्या अंतर्भागात रक्तवाहिन्या पोहोचत नाहीत. वरच्या आणि खालच्या मणक्याच्या पृष्ठातून जे पोषक द्रव्य हळूहळू झिरपेल तेवढ्यावर त्यांची गुजराण चालते. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांचे सहकारी यांनी हे झिरपणे एमआरआयच्या साहाय्याने जिवंत माणसांत तासन्‌तास मोजून दाखवले आणि त्या संशोधनाला २००४ साली कटिमणक्यांच्या अभ्यासाचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. हा झिरपा आटला म्हणजे गर सुकतो, गादी बसते आणि दोन मणके एकमेकांच्या जवळ येतात. ‘मणक्यात गॅप पडला’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, पण बहुतेक वेळा घडलेले असते ते नेमके उलटे: असलेले अंतर कमी झालेले असते, आणि ज्या छिद्रातून पायाकडे जाणारी नस बाहेर पडते ते अरुंद झाल्यामुळे ती दबू लागते.

याचा सगळा दोष खुर्चीवर टाकण्याकडे सर्वांचा कल असतो. स्वीडनचे अल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या गादीत सुई घालून आतील दाब मोजला आणि उभे राहण्यापेक्षा बसण्यात तो जास्त असतो असा निष्कर्ष काढला, तो पुढे पाठीच्या प्रत्येक पुस्तकात गेला. परंतु १९९९ साली जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवून मोजणी झाली, तेव्हा सैल, टेकून बसण्यात तो उभे राहण्यापेक्षा जास्त आढळला नाही. फिनलंडमधील जुळ्या भावांच्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासानेही व्यवसायापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दाखवले. तेव्हा सिरुसेरीच्या अभियंत्याने तासातून एकदा उठून चार पावले टाकावीत, हे त्याच्या हिताचेच आहे. परंतु आपल्या नोकरीने आपला कणा कायमचा निकामी केला, अशी धास्ती त्याने बाळगू नये. आणखी एक आकडेवारी प्रत्येक एमआरआयच्या अहवालाला जोडून द्यावी इतकी महत्त्वाची आहे. पाठीची कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांच्या चित्रांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज आढळली. अहवालातली झीज आणि रुग्णाचे दुखणे यांचा संबंध प्रत्यक्ष तपासणीने सिद्ध व्हावा लागतो, तो गृहीत धरता येत नाही.

गादी काढून दोन मणके एकत्र जोडण्याची कल्पना जुनी आहे. होनोलुलूचे राल्फ क्लॉवर्ड १९४० च्या दशकापासून पाठीमागून शिरून रिकाम्या जागेत हाडाचे तुकडे बसवत असत. परंतु हाडाचा तुकडा दाबाखाली पुष्कळदा चेपतो, सरकतो, आणि रुग्णाच्याच कमरेतून काढला असेल तर ती जखम मूळ दुखण्याइतकीच त्रास देते. यावर तोड निघाली ती घोड्यांच्या तबेल्यातून. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दबल्यामुळे झोकांड्या खाणाऱ्या घोड्यांसाठी अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद जॉर्ज बॅग्बी यांनी पशुवैद्यांच्या सहकार्याने १९७० च्या दशकात पोलादाची एक सच्छिद्र टोपली तयार केली, तिच्यात घोड्याचेच कोरलेले हाड भरले आणि ती दोन मणक्यांच्या मधोमध ठोकून बसवली. धातूने भार सोसला आणि छिद्रांतून हाड वाढून जुळून आले. याच टोपलीचे टायटॅनियमचे, आट्यांचे रूप पुढे माणसांसाठी सिद्ध झाले आणि १९९६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरी दिली.

या पहिल्या पिंजऱ्यांची अडचण अशी होती की त्यांची उंची कायम. बसलेली गादी मूळच्या उंचीला आणायची तर तेवढ्याच उंचीचा पिंजरा अरुंद वाटेने, नसेला बाजूला ओढून धरून, हातोडीने ठोकत आत न्यावा लागे. त्यात नसेवर ताण येई आणि मणक्याच्या पृष्ठाला इजा होण्याचा धोका राही. मोटार दुरुस्तीच्या दुकानात चाक बदलताना जॅक जसा मिटलेल्या स्थितीत गाडीखाली सरकवतात आणि मग दांडा फिरवून वर चढवतात, तीच युक्ती येथे योजली गेली: पिंजरा मिटलेला आत जावा आणि उंची आत गेल्यावर वाढावी.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत संपूर्ण भूल दिलेल्या रुग्णाला पालथे निजवतात, पण त्याचे पोट मोकळे लोंबेल अशी चौकट खाली असते, कारण पोटावर दाब आला की मणक्याभोवतीच्या शिरा रक्ताने फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. ‘सी-आर्म’ या क्ष-किरण यंत्राने नेमका मणका ठरवून शल्यविशारद एका बाजूचा लहान सांधा कापून काढतो आणि नसेला अलगद आडोसा देऊन गादी तुकड्यातुकड्याने बाहेर काढतो. त्यानंतरचे काम सगळ्यांत चिकाटीचे आणि माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्यांत महत्त्वाचे असते: वरच्या व खालच्या मणक्याच्या पृष्ठावरील कूर्चेचा थर खरवडून हाडाला रक्ताचे थेंब येईपर्यंत स्वच्छ करायचा, मात्र त्या हाडाचा पातळ, कठीण पापुद्रा फुटू द्यायचा नाही. कापून काढलेल्या सांध्याचेच हाड बारीक करून पुढच्या भागात भरतात. मग नमुन्याप्रमाणे सुमारे आठ मिलिमीटर उंचीचा मिटलेला पिंजरा तिरपा आत सरकवतात, चित्रात त्याची जागा पाहतात, आणि दांड्याची मूठ हळूहळू फिरवू लागतात. आतली पाचर पुढे सरकते, दोन पत्रे एकमेकांपासून दूर जातात, पडद्यावर दोन मणके विलग होताना दिसतात, आणि कमी झालेले अंतर बारा मिलिमीटरांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे नेता येते. काही नमुन्यांत पुढची बाजू मागच्यापेक्षा अधिक उघडते, जेणेकरून कमरेचा स्वाभाविक बाक परत यावा. शेवटी मागून स्क्रू आणि सळ्या बसवून तो भाग स्थिर करतात. बहुतेक ठिकाणी रुग्णाला दुसऱ्याच दिवशी उभे करतात. हाडाचे खरे जुळणे मात्र सहा महिने ते वर्षभर चालते.

मूठ कोठे थांबवायची, हा या शस्त्रक्रियेतील सर्वांत नाजूक निर्णय. यंत्राला अजून फिरण्याची मुभा असते, पण हाडाला ती नसते. आणि हातातला विरोध वाढला असतानाही आणखी एक मिलिमीटरचा मोह धरला तर पिंजऱ्याच्या कडा मणक्यात रुततात, विशेषतः उतारवयातील स्त्रियांच्या ठिसूळ झालेल्या हाडांत, आणि मिळवलेली उंची काही महिन्यांत पुन्हा निघून जाते. शिवाय आतील यंत्रणेने जागा व्यापल्यामुळे हाडाचा चुरा भरायला पोकळी कमी उरते, हाही दोष नाकारता येत नाही. स्थिर उंचीच्या पिंजऱ्यांशी झालेल्या तुलनांत या नव्या पिंजऱ्यांनी गादीची उंची बऱ्यापैकी परत मिळवून दिली, तरी रुग्णाच्या वेदना व हालचाल यांच्या बाबतीत निर्णायक सरशी सर्वत्र दिसलेली नाही. महाग ते उत्तम, हा न्याय येथे लावू नये.

दोन हाडांत जागा निर्माण करून नसेला किंवा मज्जारज्जूला मोकळे करणे, या विचाराला आपल्या मुंबईने दिलेली देणगी मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी. परळच्या महानगरपालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या सांध्यांना स्क्रू व पट्टी यांनी जखडण्याची पद्धत विकसित करून १९९४ साली प्रसिद्ध केली, ती आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. कवटीच्या तळात वर घुसलेल्या मणक्यामुळे मेंदूच्या देठावर दाब येतो अशा रुग्णांत तेव्हा तोंडातून शिरून ते हाडच कापून काढण्याचा प्रघात होता. गोयल यांनी मागून त्या सांध्यांत धातूचे तुकडे बसवून सांधा ताणला आणि वर गेलेला मणका खाली आणला. त्यांचे तुकडे स्थिर उंचीचे, जागा मानेची, व्याधीही निराळी. तरीही हाड काढण्याऐवजी उंची परत द्यावी, हा या सर्व शस्त्रक्रियांचा गाभा तेथे अत्यंत स्वच्छ दिसतो. आणि हे कार्य एका सार्वजनिक रुग्णालयात, सामान्य ऐपतीच्या रुग्णांवर उपचार करताना झाले, याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

चेन्नईचा धडा याला पूरक आहे, आणि तो संयमाचा आहे. चेटपेट भागात १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्राने मणक्याच्या क्षयावर जी चाचणी १९७० च्या दशकात सुरू केली, तिच्यात ज्यांचे चालणे शाबूत होते अशा रुग्णांना तीन गटांत विभागले: एका गटाला रोगट हाड काढून नवे हाड बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया व सहा महिन्यांची औषधे, आणि उरलेल्या दोन गटांना हिंडत-फिरत घेण्याची केवळ औषधे, सहा किंवा नऊ महिने. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा तिन्ही गटांत दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्णांची प्रकृती समाधानकारक होती. क्षयाने मणका पोखरून कोसळला, कुबड वाढू लागले, पाय लुळे पडू लागले, तर आज संपूर्ण मणक्याच्या जागी मोठा, उंची वाढवता येणारा पिंजरा बसवून माणूस उभा करता येतो, ही या विद्येची खरी शान होय. पण तसे काही नसताना केवळ शस्त्रक्रिया शक्य आहे म्हणून ती करू नये, याचा लेखी दाखला याच शहराने चाचणी करून दिलेला आहे.

गादी सरकून पायात कळ जाणाऱ्या बहुतेकांना काही आठवड्यांत औषध, बेताची हालचाल आणि व्यायाम यांनी उतार पडतो. पिंजऱ्याचा विचार करावा तो मणका पुढे घसरून अस्थिर झाला असेल, किंवा छिद्र आक्रसून नस सतत दबत असेल आणि काही महिन्यांचे नेमके उपचार व्यर्थ गेले असतील तेव्हा. एकच अपवाद आहे व तो घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा: लघवी वा शौचावरील ताबा जाणे, बैठकीचा भाग बधिर होणे किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि शस्त्रक्रिया ठरलीच, तर आधी तंबाखू व विडी-सिगारेट सोडावी. निकोटीनमुळे हाड जुळण्यात अडथळा येतो आणि उत्तम पिंजराही त्याची भरपाई करू शकत नाही.

खर्चाचा मामला मात्र अजून रुग्णाच्या बाजूने निकाली निघालेला नाही. केंद्र सरकारने २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा असंख्य कुटुंबांचा भार हलका झाला. मणक्याच्या पिंजऱ्यांना तशी मर्यादा घातली गेलेली नाही, आणि ती घालण्याची तजवीज व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर रुग्णाने स्थिर पिंजरा आणि उंची वाढवता येणारा पिंजरा यांचे दर लेखी मागावेत, आपल्या बाबतीत दुसऱ्याची गरज का आहे याचा खुलासा विचारावा, आणि दुसऱ्या शल्यविशारदाचे मत घेण्यात संकोच करू नये. घरी जाताना पिंजऱ्याच्या वेष्टनावरील चिकटपट्टी, जिच्यावर बनवणाऱ्याचे नाव, माप आणि तुकडीचा क्रमांक छापलेला असतो, ती आपल्या कागदपत्रांत लावून घ्यावी. हाड जुळल्यावरही पिंजरा आतच राहतो. पण क्वचित तो मिटवून काढण्याची वेळ आली, तर ज्याच्या मुठीने तो उघडला त्याच कंपनीचे हत्यार लागते, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला ते कोठून मागवायचे हे त्या पट्टीवाचून कळत नाही.