श्वासाचा बंदोबस्त

जन्मभर एकही विडी न ओढता, केवळ ओली लाकडे आणि गोवऱ्या यांच्या धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे चूल फुंकीत बसल्यामुळे ज्यांची फुप्फुसे जर्जर झाली, अशा स्त्रिया महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ठायी ठायी आढळतात. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या जोडीने त्यांनाही ग्रासणाऱ्या या व्याधीला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली या एका विकाराने जगात सुमारे ३५ लक्ष माणसे दगावली. यात श्वासनलिका अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात, आणि आतली हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास घ्यावा लागल्यामुळे छाती शिळ्या हवेने कोंदून राहते. रोगी म्हणतो, ‘श्वास आत जात नाही’; वस्तुतः तो बाहेर पडत नसतो.

एवढे ध्यानी आले, म्हणजे रोग्याने स्वतः करावयाच्या पुष्कळशा उपायांचा उलगडा होतो. नाकाने संथ श्वास घ्यावा आणि फुंकणीला लावताना करतात तसा ओठांचा चंबू करून तो दुप्पट वेळ घेत, जोर न लावता सोडावा; त्यामुळे नलिका अवेळी मिटत नाहीत आणि कोंडलेल्या हवेला वाट मिळते. जिना चढताना किंवा कळशी उचलताना, श्रमाच्या नेमक्या क्षणी श्वास सोडावा, रोखून धरू नये. धाप लागलीच, तर पुढे वाकून कोपरे गुडघ्यांवर टेकून बसावे. पोट तट्ट भरले की श्वासपटलाला खाली सरकण्यास जागा उरत नाही, सबब थोडे थोडे व अनेकदा खावे.

परंतु सर्वांत अधिक हेळसांड होते ती पायांची, असे माझे स्पष्ट मत आहे. धाप लागते म्हणून रोगी चालणे टाळतो, न चालल्याने मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, क्षीण स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक श्वास लागतो, आणि घरची माणसे निखळ मायेपोटी ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ असे म्हणत त्याला खाटेशी बांधून टाकतात. मग देवळापर्यंतचा फेरफटका थांबतो, लग्नकार्याला जाणे थांबते, आणि चारचौघांत खोकल्याची उबळ येईल या संकोचाने मनुष्य एकटा व खिन्न होत जातो. या दुष्टचक्रावर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवडे चालणारी व्यायामाची तालीम हा सिद्ध झालेला उपाय आहे. त्याने फुप्फुसाच्या मोजमापात फारसा फरक पडत नाही, आणि तरीही तोच मनुष्य पूर्वीपेक्षा दूरवर चालू लागतो. कारण बळावतात ते त्याचे स्नायू आणि ओसरते ती धापेची धास्ती. अशी सोय आपल्या जिल्ह्या-तालुक्यांत दुर्मीळ असावी, ही खेदाची गोष्ट होय. ती नसेल तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने, थांबत थांबत का होईना, रोज चालण्याचा नेम धरावा आणि घरच्या कोणीतरी सोबत जावे.

श्वासावाटे औषध घेण्याच्या पंपाविषयीचा आकस तर मुळासकट जावयास हवा. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत निराधार आहे. गोळीच्या मानाने अत्यल्प औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, हाच त्याचा गुण. मात्र फवाऱ्याचा पंप हलवून, आधी श्वास सोडून, नंतर संथपणे ओढतानाच तो दाबावा लागतो, आणि मग सुमारे दहा सेकंद श्वास धरावा लागतो. हे न साधल्यास औषध घशातच चिकटून वाया जाते. स्पेसर नावाची नळी जोडल्यास काम सोपे होते. पंपात स्टेरॉइड असल्यास नंतर चूळ भरावी. दर भेटीस डॉक्टरांसमोर पंप वापरून दाखवावा.

विडी सोडल्याने गेलेले फुप्फुस परत येत नाही. पण ऱ्हासाचा वेग मंदावतो, हे फ्लेचर आणि पीटो या ब्रिटिश संशोधकांनी १९७७ साली दाखवून दिले. म्हणून साठीनंतरही ती सोडण्यात अर्थ आहे. चुलीच्या धुरालाही हाच न्याय लागू पडतो.

शेवटी राहते ती रोग उसळण्याच्या प्रसंगाची तजवीज, आणि ती प्रकृती बरी असतानाच डॉक्टरांशी मसलत करून कागदावर उतरवून ठेवावी. धाप नेहमीपेक्षा वाढली, कफाचे प्रमाण वाढले किंवा त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, तर कोणते औषध किती वाढवावयाचे आणि कोणाला कळवावयाचे, हे त्यात असावे व तो कागद घरातील सर्वांना ठाऊक असावा. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी, न्यूमोनियाच्या लशीविषयी विचारावे. ओठ निळसर पडले, बोलताना वाक्य पुरे होईना, किंवा रोगी गुंगीत जाऊन असंबद्ध बोलू लागला, तर कागद बाजूस ठेवून, उजाडण्याची वाट न पाहता त्यास रुग्णालयात न्यावे.